उद्यानात चूल कोणाची?

रेल्वे मंडळाने नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या २०१७ च्या खानपान धोरणात बदल केला आणि नामांकित साखळी उपाहारगृहांना स्थानकांवर जागा देण्याचा मार्ग मोकळा केला. बर्गर, पिझ्झा आणि कॉफी विकणाऱ्या ज्या कंपन्या आजवर मोठ्या शहरांच्या बाजारसंकुलांत दिसत होत्या, त्या यापुढे फलाटावरही दिसू शकतील. या निर्णयाबद्दल फार आरडाओरडा करण्याचे कारण नाही. स्थानक हे प्रवासाचे ठिकाण आहे. प्रवासी घटकाभर थांबतो, घाईत खातो आणि पुढे जातो. परंतु सार्वजनिक जागेतील खाद्यविक्रीचा मक्ता मोठ्या साखळी व्यवसायाला देण्याची कल्पना स्थानकाच्या फाटकाशी थांबणारी नव्हे. स्थानकानंतर बसस्थानक, बसस्थानकानंतर नदीकाठ आणि नदीकाठानंतर नगरातील उद्यान, असा तिचा प्रवास होणे अगदी स्वाभाविक आहे. म्हणूनच नांदेडचे विसावा उद्यान किंवा लातूरचा नाना-नानी पार्क यांसारख्या जागांबाबत आपले धोरण काय असावे, याचा विचार निविदा निघण्यापूर्वीच झालेला बरा. निविदा निघाल्यावर विचार होत नाही. केवळ वाद होतात.

या विचाराला आजची वेळही योग्य आहे. २०२२ मध्ये मुदत संपल्यापासून नांदेड-वाघाळा आणि लातूर या दोन्ही महापालिकांचा कारभार प्रशासकांच्या हाती होता. जानेवारी २०२६ मध्ये निवडणुका झाल्या आणि लोकनियुक्त सभागृहे पुन्हा अस्तित्वात आली. मालमत्ता कोणाला, किती मुदतीने आणि कोणत्या अटींवर द्यावयाची, हा निर्णय उघड चर्चेने घेण्याची सोय त्यामुळे पुन्हा झाली आहे. ती सोय वापरावयाची की प्रशासनाच्या टिपणीवर अंगठा उमटवावयाचा, हे नव्या सदस्यांनी ठरवावयाचे आहे.

महापालिकेची अडचण

महापालिकेला दोष देण्यापूर्वी तिची अडचण समजून घेणे न्यायाचे ठरेल. एके काळी जकात हा नगरसंस्थांचा मुख्य आधार होता. जकात गेली, तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला. ऑगस्ट २०१५ मध्ये तोही बहुतांश व्यापाऱ्यांपुरता रद्द झाला आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाल्यानंतर महापालिका राज्य शासनाच्या भरपाईकडे डोळे लावून बसू लागल्या. घरपट्टी आणि पाणीपट्टी पूर्ण वसूल होत नाही. अशा स्थितीत भांडवली कामाला अनुदान मिळते, परंतु त्या कामाची निगा राखण्यास मिळत नाही, हे आपल्या नगरव्यवस्थेचे जुने दुखणे आहे. नांदेडचा समावेश जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानात झाला आणि २००८ च्या गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने शहरात मोठी कामे उभी राहिली. रस्ते, घाट, उद्याने बांधण्यास पैसा आला. परंतु माळ्याचा पगार, दिव्यांचे बिल, मोडलेल्या झोपाळ्याची दुरुस्ती यांसाठी दरवर्षी पैसा लागतो आणि तो कोणीही समारंभाने देत नाही.

लातूरची अडचण आणखी निराळी. एप्रिल २०१६ मध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून पिण्याचे पाणी आणावे लागले, त्या शहरात हिरवळीला पाणी घालण्याचा मुद्दा अंदाजपत्रकाच्या शेवटच्या पानावर जाणार, हे ओघानेच आले. अशा वेळी एखाद्या कंपनीने एकरकमी अनामत, वार्षिक भाडे आणि वर बागेची देखभाल देऊ केली, तर अधिकाऱ्यांना आणि सदस्यांना मोह पडणे अगदी साहजिक आहे. त्या मोहाची टवाळी करण्यापेक्षा त्याचा हिशेब मांडणे अधिक उपयोगाचे आहे.

साखळीच्या बाजूने

साखळी व्यवसायाच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. साखळी दुकानात दर भिंतीवर लिहिलेले असतात. गिऱ्हाईक पाहून ते बदलत नाहीत. पावती मिळते, कर भरला जातो. कामगाराला हजेरीपत्रक असते आणि बऱ्याच ठिकाणी भविष्यनिर्वाह निधीही असतो. पाणी गाळलेले असते. एका दुकानातील विषबाधेने शंभर दुकानांचे नाव खराब होते, म्हणून स्वच्छतेची धास्ती मालकालाच अधिक असते. याउलट आपल्याकडील अनेक हातगाड्यांवर एकाच बादलीत संध्याकाळभर ताटल्या बुडविल्या जातात, तेल काळे होईतो तळले जाते आणि खरकटे उद्यानाच्या कुंपणापलीकडे फेकले जाते. हे चित्र नाकारून फेरीवाल्याचे हित साधत नाही. लहान माणूस म्हणून अस्वच्छतेला सूट द्यावी, असे म्हणणाऱ्याने आपले मूल त्या गाडीवर जेवू घालण्याची तयारी ठेवली पाहिजे.

शिवाय ‘साखळी’ या शब्दाने एकच चित्र डोळ्यांपुढे आणणे बरोबर नाही. इंडियन कॉफी हाउस हीदेखील साखळीच. परंतु ती १९५० च्या दशकाच्या अखेरीस कामावरून काढून टाकलेल्या कामगारांनी सहकारी संस्था स्थापून उभी केली. दुधाच्या सहकारी संघांची विक्रीकेंद्रे हीसुद्धा साखळीच आहेत. आज लहान शहरांत दिसणाऱ्या चहाच्या अनेक दुकानांवर पाटी पुण्याची असते आणि गल्ल्यावर बसलेला तरुण त्याच गल्लीतला असतो. म्हणून साखळी म्हणजे शत्रू आणि टपरी म्हणजे स्वदेशी, अशी सोपी विभागणी अर्थशास्त्राला मान्य होणार नाही. प्रश्न पाटीचा नाही, मक्त्याचा आहे.

मक्त्याचे अर्थशास्त्र

मक्ता म्हणजे काय? महापालिका विकते ती दहा बाय दहाची जागा, अशी समजूत असते. वस्तुतः ती विकते गिऱ्हाईकाची अडवणूक करण्याचा अधिकार. संध्याकाळी मुलांना घेऊन आलेल्या कुटुंबाला उद्यानात भूक लागली, मूल आइस्क्रीमसाठी अडून बसले आणि आत एकच दुकान असले, तर त्या दुकानाला बाजारातील स्पर्धेची भीती उरत नाही. ही सोय जितकी पक्की, तितकी निविदेतील बोली उंच. भाडे जास्त म्हणून धान्य महाग होत नाही, धान्य महाग म्हणून भाडे जास्त मिळते, हा डेव्हिड रिकार्डोचा दोनशे वर्षांपूर्वीचा सिद्धान्त येथे जसाच्या तसा लागू पडतो. महापालिकेला मिळणारी घसघशीत रक्कम ही कंपनीची उदारता नसून, बागेत येणाऱ्या प्रत्येकाच्या खिशातून आगाऊ वसूल केलेला छुपा कर असतो. आणि हा कर ऐपतीप्रमाणे बसत नाही. ज्याला गच्चीवर बाग आहे, तो उद्यानात क्वचितच येतो. दोन खोल्यांत राहणारा रोज येतो. कर त्याच्यावर बसतो.

मक्त्याचे दुसरे पाऊल ठरलेले असते. भारी भाडे भरणारा मक्तेदार काही दिवसांनी अर्ज करतो की, बाहेरचे खाद्यपदार्थ आत आणण्यास बंदी असावी. चित्रपटगृहांच्या बाबतीत हे घडलेच आहे. जुलै २०१८ मध्ये बहुपडदा चित्रपटगृहांत बाहेरचे पदार्थ नेण्यास बंदी नाही, असे राज्य शासनाने विधिमंडळात सांगितले, तेव्हा प्रेक्षकांनी समाधानाचा सुस्कारा सोडला. परंतु जम्मू-काश्मीरमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये, चित्रपटगृह ही खाजगी मालमत्ता असल्याने तेथे असा नियम करण्याचा मालकाला अधिकार आहे, असा निर्णय दिला. खाजगी मालमत्तेपुरता हा निर्णय समजण्यासारखा आहे. पण उद्यान ही कोणाचीही खाजगी मालमत्ता नाही. घरून आणलेली पोळी-भाजी बाकावर बसून खाता येत नसेल, तर ते उद्यान राहत नाही. ते हिरवळ असलेले उपाहारगृह होते.

लातूरसारख्या शहरात या मुद्द्याला विशेष धार आहे. ‘लातूर पॅटर्न’च्या आकर्षणाने राज्याच्या कानाकोपऱ्यांतून विद्यार्थी येथे येतात, भाड्याच्या खोलीत दाटीवाटीने राहतात आणि खानावळीच्या डब्यावर दोन वर्षे काढतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी सोयाबीनच्या भावावर महिन्याचा मनिऑर्डरचा आकडा अवलंबून असतो. मनिऑर्डरची जागा मोबाइलने घेतली, एवढाच काय तो फरक. शिकवणीच्या दोन तासांमध्ये बागेत येऊन बसणे, एक प्लेट सुशीला किंवा वडापाव खाणे आणि वही उघडणे, एवढीच त्या मुलांची चैन. ही चैन काढून घेण्यास कोणताही हुकूम लागत नाही. दरपत्रक पुरेसे असते.

पैसा कोठे जातो?

दुसरा हिशेब रोजगाराचा आणि पैशाच्या फिरण्याचा. उद्यानाबाहेर भजी तळणारी बाई बेसन घेते ते बहुधा आसपासच्या डाळगिरणीचे, कांदा-मिरची आठवडी बाजारातील आणि बर्फ गावातल्या कारखान्याचा. तिच्या गल्ल्यातील रुपया त्याच दिवशी किराणा दुकानात, संध्याकाळी भाजीवालीकडे आणि महिन्याच्या अखेरीस मुलाच्या शाळेत पोहोचतो. साखळी दुकानाचा माल मध्यवर्ती स्वयंपाकघरातून, गोठवलेल्या स्थितीत, पुण्याहून किंवा हैदराबादेहून येतो. विक्रीतील ठराविक हिस्सा नाव वापरण्याचे शुल्क म्हणून बाहेर जातो आणि गावात उरतो तो मुख्यतः पगार. येथे अतिशयोक्ती टाळावयास हवी. टपरीवाल्याच्या कढईतील तेलही बहुधा परदेशातून आलेले पामतेलच असते, आणि साखळीने दिलेला नियमित पगार हा गावात येणाराच पैसा आहे. तरीही रुपया गावात किती हातांतून फिरतो, या कसोटीवर लहान विक्रेत्याचे पारडे जड राहते.

यातील विसंगती पाहण्यासारखी आहे. २०२४ मध्ये लातूर जिल्ह्यातील पानचिंचोलीची चिंच, कास्तीची कोथिंबीर आणि बोरसुरीची तूरडाळ यांना भौगोलिक मानांकन मिळाले. त्याबद्दल सर्वांनी अभिनंदनाची पत्रके काढली. परंतु चिंच आणि कोथिंबीर यांचा रोजचा गिऱ्हाईक कोण? भेळवाला. ज्या चटणीसाठी जिल्ह्याने मानांकन मिळवले, ती चटणी वाटणाऱ्यालाच शहराच्या बागेतून बाहेर काढावयाचे आणि पुडीतला टोमॅटो सॉस आत घ्यावयाचा, हे धोरण नव्हे, विस्मरण आहे.

कायदा काय सांगतो?

या प्रश्नाला कायद्याचीही एक बाजू आहे आणि ती अनेकांच्या ध्यानात नसते. पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४ या केंद्रीय कायद्यात पथविक्रेत्याची जी व्याख्या केली आहे, तीत रस्ता आणि पदपथ यांबरोबर सार्वजनिक उद्यानाचाही स्पष्ट उल्लेख आहे. उलट रेल्वेच्या मालकीच्या जागा आणि गाड्या यांना हा कायदा लागू नाही, असेही त्यातच म्हटले आहे. म्हणजे रेल्वे मंडळ जे फलाटावर सहज करू शकते, ते महापालिकेला उद्यानात करता येईलच असे नाही. लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत पथविक्रेत्यांना सामावून घेण्याचे प्रमाण हा कायदा सांगतो. २०११ च्या जनगणनेत नांदेडची लोकसंख्या सुमारे साडेपाच लाख, तर लातूरची पावणेचार लाखांवर होती. त्या जुन्या आकड्यांवरही नांदेडमध्ये सुमारे पावणेचौदा हजार आणि लातुरात साडेनऊ हजारांच्या आसपास विक्रेत्यांची सोय होऊ शकते. ही सोय कोठे करावयाची, हे सांगण्यासाठी नगर पथविक्रेता समिती आहे आणि तिच्यात किमान चाळीस टक्के सदस्य पथविक्रेत्यांतून निवडलेले असावे लागतात. उद्यानातील खाद्यविक्रीचा प्रश्न आधी या समितीपुढे गेला पाहिजे, निविदा समितीपुढे नंतर.

न्यायालयांनीही उद्यानाच्या प्रश्नावर वेळोवेळी कणखर भूमिका घेतली आहे. बंगळूरमध्ये उद्यानासाठी राखून ठेवलेला भूखंड खाजगी शुश्रूषागृहाला देण्यात आला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये ते वाटप अमान्य केले. लखनौच्या झंडेवाला पार्कखाली महापालिकेने बिल्डरकडून भुयारी बाजार बांधावयास घेतला होता. १९९९ मध्ये न्यायालयाने तो पाडून उद्यान पूर्ववत करण्याचा आदेश दिला. एक भजीची गाडी आणि एक भुयारी बाजार यांत अर्थातच अंतर आहे. परंतु तत्त्व एकच: उद्यान हे महापालिकेच्या ताब्यात असते, मालकीचे असल्यासारखे विकण्यासाठी नव्हे, ती नागरिकांच्या वतीने सांभाळणारी विश्वस्त आहे.

झुणका-भाकरीचा धडा

येथवरचे विवेचन वाचून कोणी म्हणेल की, मग सारी जागा स्थानिक गरजूंना देऊन टाकावी. तसे केल्याने काय होते, याचाही अनुभव महाराष्ट्राच्या गाठी आहे. १९९५ मध्ये सत्तेवर आलेल्या युती शासनाने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे सुरू केली. मोक्याच्या सार्वजनिक जागा बेरोजगारांना आणि संस्थांना देण्यात आल्या. हेतू चांगला होता. परंतु पुष्कळ ठिकाणी झुणका-भाकर पाटीवरच राहिली. आत वडे, डोसे आणि चायनीज शिजू लागले, काही जागा परस्पर दुसऱ्याच्या हाती गेल्या. २००० मध्ये पुढील शासनाने योजना गुंडाळली, तरी जागा रिकाम्या करून घेण्यासाठी न्यायालयांचे उंबरे झिजवावे लागले. गरजूला दिलेली सवलत अटींविना दिली तर ती गरजूकडे राहत नाही, ती वजनदाराकडे जाते, हा तो धडा. साखळीचा मक्तेदार आणि पक्षाचा कार्यकर्ता, या दोघांतून निवड करण्याची वेळ नागरिकांवर येऊ नये.

परदेशांतही हा पेच नवा नाही. लंडनच्या हॅम्पस्टेड हीथ या विस्तीर्ण उद्यानातील एक उपाहारगृह एकच कुटुंब तीस वर्षांहून अधिक काळ चालवीत होते. २०१६ मध्ये ते एका साखळीकडे जाण्याचे ठरताच नागरिकांनी एवढा विरोध केला की, साखळीनेच माघार घेतली. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर उद्यानात मात्र उलटा प्रवास झाला: २००१ मध्ये लागलेली एक हातगाडी २००४ मध्ये पक्की टपरी झाली आणि पुढे तिचीच जगभर साखळी झाली. उद्यानाने एका नव्या धंद्याला पहिली जागा दिली. ही पहिली जागा देण्याचे सामर्थ्य आपल्या बागांतही आहे. ती आधीच मोठ्या झालेल्याला द्यावयाची की मोठा होऊ पाहणाऱ्याला, हा खरा निवडीचा प्रश्न आहे.

मधला मार्ग

उत्तर देशातच सापडते. अहमदाबादच्या कांकरिया तलावाच्या परिसरातील खाद्यविक्रेत्यांना प्रशिक्षण देऊन, पाणी, कचरा आणि स्वच्छता यांची तपासणी करून, २०१८ मध्ये त्या जागेला देशातील पहिले ‘स्वच्छ पथखाद्य केंद्र’ म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने प्रमाणित केले. लहान विक्रेता अस्वच्छ असतो तो स्वभावाने नव्हे. त्याच्याजवळ नळ नसतो, मोरी नसते आणि उद्या हीच जागा राहील याची शाश्वती नसते. या तीन गोष्टी दिल्या की, साखळीची जी मुख्य गुणवत्ता म्हणून सांगितली जाते, ती टपरीलाही साधते. पथविक्रेत्यांना विनातारण कर्ज देणारी केंद्राची स्वनिधी योजना २०२० पासून चालू आहे आणि तिची मुदत २०३० पर्यंत वाढविण्यात आली आहे. भांडवलाचा प्रश्नही त्यामुळे सर्वस्वी अवघड राहिलेला नाही.

नांदेड आणि लातूरच्या महापालिकांनी यासाठी काही साधे नियम आधीच ठरवावेत. खाद्यविक्री उद्यानाच्या एका कडेला, ठरवून दिलेल्या लहानशा पट्ट्यात असावी. खेळण्याची आणि बसण्याची जागा एक फूटही कमी होऊ नये. सारी जागा एकाला न देता पाच-सहा गाळ्यांत विभागावी, म्हणजे दरांत स्पर्धा राहील. काही गाळे महिला बचत गटांसाठी आणि नोंदणीकृत पथविक्रेत्यांसाठी राखावेत. नळ, मोरी, कचराकुंडी आणि वीज महापालिकेने पुरवून तिचे रास्त शुल्क घ्यावे. मुदत तीन ते पाच वर्षांची असावी, पोटभाडेकरू आढळल्यास करार आपोआप संपावा आणि गाळेधारकांची यादी, भाडे व मुदत प्रवेशद्वारावर रंगवून लावावी. निवड केवळ सर्वांत उंच बोलीवर न होता, ठरावीक पाच पदार्थांचे दर आणि स्वच्छतेची नोंद यांनाही गुण असावेत. पिण्याचे पाणी फुकट मिळावे आणि घरचा डबा आणण्यास कधीही मनाई नसावी. शेवटचे म्हणजे, यातून येणारा पैसा सर्वसाधारण तिजोरीत न बुडता त्याच उद्यानाच्या खात्यावर जमा व्हावा.

या अटी पाळून एखादी साखळी पाचांपैकी एक गाळा मागत असेल, तर तिला तो नाकारण्याचे कारण नाही. तिच्या शेजारची भेळवाली तिच्याकडून झाकण ठेवण्यास शिकेल आणि साखळीलाही आपले दर शेजारणीच्या दरांकडे पाहून ठरवावे लागतील. जून २०२५ मध्ये बंगळूरच्या मेट्रो स्थानकांवर गुजरातच्या ‘अमूल’ला जागा दिल्यावरून वादळ उठले आणि बहुतेक स्थानके कर्नाटकच्या ‘नंदिनी’ला देण्याचे ठरले. दोन्ही सहकारी संस्थाच; पण आधी नियम ठरवून सर्वांना दार उघडे ठेवले असते, तर वाद झालाच नसता.

लातूरची गंजगोलाई आखणाऱ्यांनी १९१७ मध्ये बाजाराला गोल आकार दिला आणि सोळा रस्ते त्याला जोडले. कोणत्याही दिशेने येणाऱ्याला बाजार सारखाच जवळ राहावा, ही त्यातली दृष्टी. नांदेडच्या सचखंड श्री हुजूर साहिब येथील लंगरात जात वा ऐपत न विचारता पंगत वाढली जाते. उद्यानाने लंगर चालवावा, अशी कोणाची अपेक्षा नाही. तेथे विक्रीच होणार आणि नफाही मिळणार. परंतु खिशात वीस रुपये असलेला विद्यार्थी आणि दोनशे रुपये असलेला अधिकारी यांना एकाच बाकावर बसून काहीतरी खाता यावे, एवढी समता सार्वजनिक जागेकडून मागणे गैर नाही. नव्या सभागृहांनी मक्त्याचा पहिला कागद मंजूर करताना भाड्याच्या आकड्याआधी हा बाक आठवावा.